पाणबुडीचे नवे तंत्र आणि पुण्याचे कारखानदार

पुणे शहराला समुद्र नाही, बंदर नाही आणि गोदीही नाही. तरीही नौदलाच्या पाणबुडीसाठी आपल्या देशात जी एक महत्त्वाची यंत्रणा तयार होत आली आहे, तिच्याशी पुण्याचे नाव जोडले गेले आहे. ८ मार्च २०२१ रोजी अंबरनाथच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने बाहेरच्या हवेशिवाय वीज निर्माण करणाऱ्या संयंत्राची जमिनीवरची चाचणी यशस्वी केली. त्या वेळी संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, जे निवेदन काढले त्यात दोन खासगी भागीदारांची नावे होती. एक एल अँड टी आणि दुसरे आपल्या पुण्याचे थरमॅक्स.

भोसरी, चिंचवड, हडपसर या भागांत लेथ, मिलिंग, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनची कामे करणारे आमचे अनेक वाचक आहेत. संरक्षण खात्याच्या कामाबद्दल ते नेहमी विचारतात. हे काम आपल्यासारख्या लहान कारखानदाराला मिळते का? मिळाले तर परवडते का? या प्रश्नांना नुसते होय किंवा नाही असे उत्तर देऊन भागणार नाही. ही यंत्रणा काय आहे, ती पारखली कशी जाते आणि त्या पारखण्याला इतकी वर्षे का लागतात हे आधी समजले पाहिजे. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

पाणबुडीची अडचण

अणुशक्तीवर न चालणाऱ्या पाणबुडीत डिझेल इंजिन असते आणि बॅटऱ्या असतात. डिझेल इंजिनाला जळणासाठी हवा लागते. पाण्याखाली हवा नाही. म्हणून खोल पाण्यात पाणबुडी केवळ बॅटरीवर चालते. अगदी संथ चालली तर ही बॅटरी काही दिवस पुरते, वेगाने पळाली तर काही तासांतच उतरते. मग पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढावी लागते, इंजिन सुरू करून बॅटरी भरून घ्यावी लागते. नेमक्या याच वेळी ती शत्रूच्या रडारला दिसते आणि इंजिनाचा आवाज दूरवर ऐकू जातो. लपून राहणे हेच जिचे बळ, तिला दर दोन-चार दिवसांनी स्वतःला उघडे करावे लागते.

यावर जगात वेगवेगळे उपाय निघाले. स्वीडनने १९९६ मध्ये गॉटलंड ही पाणबुडी नौदलात आणली. तिच्यात स्टर्लिंग जातीचे इंजिन होते आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन द्रवरूपात बरोबर नेला जात होता. जर्मनीने २००५ मध्ये २१२ जातीची पाणबुडी दाखल केली. तिच्यात फ्युएल सेल, म्हणजे इंधन-घट, वापरले होते. अशा सोयीमुळे पाणबुडी संथ गतीने दोन आठवड्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ खाली राहू शकते.

आपल्या नौदलाकडे कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या आहेत. फ्रेंच आराखड्यावरून त्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. पहिली कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली आणि सहावी वाघशीर जानेवारी २०२५ मध्ये. दुसरीचे नाव अलिबागजवळच्या जलदुर्गावरून खांदेरी असे ठेवले आहे. या सहाही पाणबुड्या डिझेल आणि बॅटरीवर चालणाऱ्या म्हणूनच दाखल झाल्या. त्यांना खाली अधिक काळ राहता यावे यासाठीच अंबरनाथचा हा प्रयत्न आहे.

अंबरनाथची युक्ती

फ्युएल सेल म्हणजे काय हे सोपे करून सांगतो. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हा प्रयोग आपण शाळेत पाहिलेला असतो. फ्युएल सेलमध्ये हीच क्रिया उलट होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, पाणी तयार होते आणि वीज मिळते. यात ज्वाला नाही, स्फोट नाही, पिस्टन नाही. पंप आणि पंखे सोडले तर हलणारा भागच नाही. म्हणून आवाज फारच थोडा.

अंबरनाथच्या यंत्रणेतील घट फॉस्फोरिक ॲसिड जातीचे आहेत. अशा घटात दोन कार्बनच्या पत्र्यांमध्ये ॲसिड धरून ठेवलेला थर असतो, पत्र्यांवर प्लॅटिनमचा सूक्ष्म लेप असतो आणि सगळे दीडशे ते दोनशे अंश सेल्सियस तापमानाला चालते. एका घटातून एका व्होल्टपेक्षाही कमी दाब मिळतो. त्यामुळे शेकडो घट एकावर एक रचावे लागतात. या रचनेला स्टॅक म्हणतात. शेकडो घटांतला एक जरी गळका निघाला तरी अख्खा स्टॅक अडतो. कारागिरीची खरी परीक्षा इथे आहे.

दुसरा प्रश्न हायड्रोजनचा. हा वायू साठवणे अवघड आणि धोक्याचे. जर्मनांनी तो धातूच्या विशेष भुकटीत शोषून घेऊन जड टाक्यांत ठेवला. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. त्यांनी हायड्रोजन बरोबर न नेता पाणबुडीतच तयार करायचे ठरवले. त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड हे रसायन वापरले जाते. औषधांच्या कारखान्यात आणि कागदाच्या विरंजनात ते परिचित आहे. पाण्याशी त्याची क्रिया झाली की हायड्रोजन सुटतो आणि बोरेटचे द्रावण मागे राहते. यातली गंमत अशी की सुटणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा रसायनातून येतो आणि निम्मा पाण्यातून. शिवाय घटातून शेवटी पाणीच बाहेर पडते.

थोडा हिशेब

व्यापाराच्या पानावर हिशेब हवाच. पुढील आकडे कोणत्याही गुप्त आराखड्यातले नाहीत, रसायनशास्त्राच्या पुस्तकी नियमांवरून आम्ही स्वतः केलेला हा ढोबळ हिशेब आहे.

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. घटाची कार्यक्षमता निम्मी धरली तर १६ युनिट वीज हाती येते. हा एक किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी सुमारे ४.७ किलो बोरोहायड्राइड आणि ४.५ किलो पाणी लागते. घटात त्याच्या जोडीला ८ किलो ऑक्सिजन खर्ची पडतो आणि ९ किलो पाणी बनते.

आता समजा, पाणबुडीला संथ चालण्यासाठी आणि आतील दिवे, पंखे, उपकरणे यांसाठी सतत १०० किलोवॉट वीज लागते. दिवसाला २,४०० युनिट झाले. म्हणजे १५० किलो हायड्रोजन, सुमारे ७०० किलो बोरोहायड्राइड आणि १,२०० किलो ऑक्सिजन. चौदा दिवसांसाठी सुमारे १० टन रसायन आणि १७ टन द्रव ऑक्सिजन. हा ऑक्सिजन शून्याखाली १८३ अंश तापमानाला, माणसांच्या राहण्याच्या जागेपासून काही पावलांवर ठेवायचा. उरलेले बोरेटचे द्रावण आणि तयार झालेले पाणी यांचीही व्यवस्था करायची. पाण्याखाली तरंगणाऱ्या वस्तूचे वजन आणि समतोल प्रत्येक क्षणी सांभाळावा लागतो, त्यामुळे कोणती टाकी किती रिकामी झाली आणि कोणती भरली याचाही हिशेब ठेवावा लागतो. कागदावर सोपे दिसणारे तंत्र पाणबुडीत इतके अवघड का होते, ते यावरून लक्षात येईल.

चाचणीच्या पायऱ्या

असे तंत्र एकदम समुद्रात नेता येत नाही. प्रथम प्रयोगशाळेच्या टेबलावर एकच घट चालवून पाहतात. मग स्टॅक, मग पूर्ण संयंत्र. त्यानंतर हे संयंत्र पाणबुडीच्या पोटात मावेल अशा आकारात जमिनीवर उभे करतात. मार्च २०२१ ची चाचणी या पायरीवरची होती. त्या वेळी संयंत्र दोन पद्धतींनी चालवले गेले. एकदा दीर्घकाळ टिकण्यासाठी आणि एकदा जास्तीत जास्त शक्ती देण्यासाठी, नौदलाने मागितले तसे.

त्यापुढची पायरी म्हणजे प्लग. पाणबुडी दुरुस्तीसाठी गोदीत आली की तिचे पोलादी शरीर मधोमध कापायचे आणि यंत्रणा बसवलेला नवा गोल तुकडा मध्ये जोडायचा. मूळ पाणबुडीचा आराखडा फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपचा, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीशी या जोडकामाबाबत करार झाला. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने हा प्लग बांधून बसवण्याचे सुमारे १,९९० कोटी रुपयांचे काम माझगाव गोदीला दिले. जमिनीवरच्या यशापासून या करारापर्यंत पावणेचार वर्षे गेली. प्लग बसल्यावर बंदरातील चाचण्या आणि मग समुद्रातील चाचण्या या पायऱ्या उरतातच.

जमिनीवर चालणे आणि समुद्रात चालणे यांत किती अंतर आहे, याचे एक ताजे उदाहरण आहे. नौदलाच्या सहा नव्या पाणबुड्यांच्या निविदेत एल अँड टी आणि स्पेनची नवांतिया कंपनी एकत्र उतरल्या होत्या. समुद्रात सिद्ध झालेली हवाविरहित यंत्रणा हवी, अशी नौदलाची अट होती. नवांतियाने आपली यंत्रणा २०२४ मध्ये स्पेनमध्ये जमिनीवर चालवून दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांची निविदा अटीत बसत नाही म्हणून बाजूला पडली. हजारो कोटींचा व्यवहार एका चाचणीच्या पायरीवर अडला.

एक जोड आणि १२९ माणसे

नौदल इतके कडक का वागते, असे एखाद्याला वाटेल. त्याचे उत्तर १० एप्रिल १९६३ च्या घटनेत आहे. अमेरिकेची थ्रेशर ही त्या काळची अत्याधुनिक पाणबुडी दुरुस्तीनंतर खोल पाण्यातील चाचणी देत असताना बुडाली. आतील १२९ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा : इंजिनाच्या भागात समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपचा ब्रेझिंगने केलेला एखादा जोड बहुधा सुटला असावा.

पाइपाचा जोड! आमच्या वाचकांपैकी कित्येकजण असे जोड रोज करतात. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब वाढतो. ३०० मीटरवर तो ३० किलो होतो, म्हणजे एका चौरस मीटरवर ३०० टन. थ्रेशरमध्ये हा दाब सोसणारे सुमारे ३,००० जोड होते. शेवटच्या दुरुस्तीत त्यांपैकी १४५ जोड अल्ट्रासॉनिक पद्धतीने तपासले गेले आणि त्यांतले १४ टक्के दर्जाला उतरले नाहीत. उरलेले तसेच राहिले. संकटाच्या वेळी पाणबुडीला वर आणणाऱ्या दाबलेल्या हवेच्या नळ्यांतही दोष होता. हवेतील ओलाव्याचे बर्फ होऊन त्या तुंबत होत्या, हे नंतर दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्यालाच चाचणी घेतली तेव्हा कळले. ही चाचणी आधी झाली असती तर?

त्यानंतर अमेरिकेने सबसेफ नावाची पद्धत सुरू केली. तिचा गाभा एवढाच की 'मी पाहिले आहे, काम ठीक आहे' या शब्दावर काहीही स्वीकारायचे नाही. कोणते धातूचे साहित्य, कोणी जोडले, कोणी तपासले, कोणत्या उपकरणाने तपासले, याचा लेखी पुरावा हवा. या पद्धतीने प्रमाणित झालेली एकही पाणबुडी त्यानंतर आजवर बुडालेली नाही. १९६८ मध्ये बुडालेली स्कॉर्पियन तशी प्रमाणित नव्हती.

पुण्याचा वाटा

आता आपल्या घराकडे वळू. मुंबई-पुणे रेल्वेमार्ग डोळ्यांसमोर आणा. याच मार्गावर अंबरनाथची प्रयोगशाळा आहे. लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी हे केंद्र आहे, जिथे जहाजांची यंत्रे सांभाळणारे अभियंते आणि तंत्रज्ञ शिकतात. पुढे चिंचवड, जिथे थरमॅक्सने बॉयलर आणि उष्णतेच्या यंत्रांत नाव कमावले. उष्णता, दाब, वायू आणि रसायन एकत्र सांभाळण्याचा हा अनुभव अशा संयंत्राला लागतोच. पुणे जिल्ह्यातीलच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या तिथल्या कंपनीने अरिहंत या अणुपाणबुडीसाठी गिअरबॉक्स पुरवले.

फ्युएल सेलचे ज्ञानही पुण्याला नवे नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी या पुण्याच्या कंपनीबरोबर २०२० मध्ये हायड्रोजनवरची मोटार चालवून पाहिली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बस दाखवली. तिथले घट वेगळ्या जातीचे, पण स्टॅक रचणे, गळती शोधणे, पत्रे घडवणे ही कौशल्ये जवळची आहेत. एप्रिल २०२५ मध्ये नौदलाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी जहाजांसाठी ६ मेगावॉटचे डिझेल इंजिन विकसित करण्याचा करार केला. त्याच्या २७० कोटी रुपये खर्चापैकी ७० टक्के सरकार देणार, असे ठरले. नव्या तंत्राच्या विकासाचा भार एकट्या कारखानदारावर टाकता येत नाही, हे सरकारनेही मान्य केल्याचे हे लक्षण आहे.

लहान कारखानदाराने काय लक्षात घ्यावे?

पहिली गोष्ट, या कामात नगांची संख्या फार लहान असते. मोटारीचा भाग लाखांत जातो. पाणबुड्या सहा, म्हणजे काही भाग दहा-वीसच लागणार. तेव्हा नगावर थोडा नफा ठेवून संख्येवर कमवायचे, हा ऑटोचा हिशेब इथे लावू नये. दर काढताना तपासणी, रेडिओग्राफी, गेजांचे कॅलिब्रेशन आणि निरीक्षकाची वाट पाहण्यात अडकणारे भांडवल यांचा खर्च धरावा. आम्हांस वाटते, संरक्षण खात्याचे काम घेऊन तोट्यात गेलेल्यांची चूक बहुधा कारागिरीत नसते, सुरुवातीच्या दरपत्रकात असते.

दुसरी गोष्ट, कागद. साहित्याचा टी.सी., हीट नंबर, वेल्डरचे प्रमाणपत्र, तपासणीचा अहवाल हे सर्व नगाबरोबर शेवटपर्यंत राहिले पाहिजे. बार कापताना हीट नंबरचा तुकडा भंगारात गेला तर उरलेला माल चांगला असूनही निरुपयोगी ठरतो. आपल्याकडे हाताने उत्तम काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत, पण नोंदवही ठेवणारे थोडे. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे खाते सांभाळू शकते. ते काम कमी दर्जाचे समजू नये.

तिसरी गोष्ट, गुप्तता. ड्रॉइंगचा फोटो मोबाइलवरून जॉबवर्कवाल्याकडे पाठवण्याची सवय आपल्या वर्कशॉपमध्ये सर्रास आहे. इथे ती चालणार नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे.

चौथी गोष्ट, थेट नौदलाकडे धाव घेण्याऐवजी मोठ्या कंपनीचा पुरवठादार म्हणून नोंदणी करणे हा बहुतेकांसाठी सोपा मार्ग. ज्यांच्याकडे स्वतःची कल्पना आहे त्यांच्यासाठी मात्र सरकारी योजना आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स योजनेत नव्या उद्योगाला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकते, पण तेवढाच वाटा स्वतःला उभा करावा लागतो. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीत प्रकल्पाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय असून तिची मर्यादा २०२२ मध्ये ५० कोटींवर नेण्यात आली. दोन्हींत पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात, एकरकमी नाहीत. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम वाचून घ्यावेत आणि 'अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

पाचवी गोष्ट, येणे वसूल करण्याची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना हे संरक्षण आहे. मात्र उद्यम नोंदणी आधी केलेली असावी. भांडण झाल्यावर नोंदणी करून उपयोग होत नाही.

या सर्वांवरून वाचकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. हे काम मिळू शकते, पण झटपट पैशासाठी ते घेऊ नये. ज्याचे रोजचे दुसरे काम चालू आहे, ज्याला दोन-तीन वर्षे थांबता येते आणि ज्याच्या वर्कशॉपमध्ये खराब नग लपवला न जाता बाजूला काढून ठेवला जातो, त्याने जरूर प्रयत्न करावा. या शिस्तीचा फायदा पुढे बॉयलर, औषधनिर्मिती आणि रेल्वे यांच्या कामांतही मिळतो.

कलवरी वर्गाच्या एका पाणबुडीत चाळीसच्या वर अधिकारी आणि नौसैनिक राहतात. खाली गेल्यावर वर्कशॉपला फोन करून जोड नीट झाला होता का, असे त्यांना विचारता येत नाही. ते उत्तर भोसरीच्या टेबलावर, नग गाडीत चढण्यापूर्वीच, खरे लिहिलेले असावे लागते.